चांदोदला जायचं पाणी

जावयाला अनारसे गच्चीवर वाढायचे, हा निर्णय नानांचा. बंद खोलीत कोरोना मोकाट सुटतो आणि उघड्यावर बिचकतो, असं त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. अधिक महिना तीन वर्षांतून एकदाच येतो आणि तो कोणासाठी थांबत नाही, हे मात्र त्यांना कुठं वाचावं लागलं नव्हतं. तेव्हा मकरपुऱ्याच्या सोसायटीत, हिर्लेकरांच्या बंगल्याच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या सावलीत, दोन-दोन हातांचं अंतर सोडून खुर्च्या मांडल्या गेल्या. भर दुपारी पादऱ्याहून नानांची लेक देवश्री आणि तिचे यजमान जनार्दनराव आले. दोघांनी गेटपाशीच हातांवर सॅनिटायझर ओतून घेतलं आणि माहेरच्या उंबऱ्यावर चपलांना सुद्धा फवारा मारला.

धाकटी सून निरुपमा सकाळपासून तळणीपाशी उभी होती. खरं तर अनारसे हा मोठ्या जाऊबाईंचा, स्नेहावहिनींचा प्रांत. त्यांचा अनारसा तुपात पडला की जाळी धरून गुमान तरंगायचा. निरुपमाचा अनारसा तुपात पडला की हसायचा, म्हणजे विरघळून सगळ्या कढईभर पसरायचा. पण स्नेहावहिनी आज पाच दिवस गच्चीवरच्या खोलीत तापानं पडून होत्या. तेहतीस अनारसे तर हवेत, त्यामुळे निरुपमानं पंचेचाळीस घातले. जे हसले नाहीत ते ताटात ठेवले. तरी दोन-तीन हसरे आकड्यासाठी घ्यावेच लागले.

गच्चीवरची ती खोली म्हणजे घरातलं अंदमान. ज्याचं अंग तापेल त्याची रवानगी वर, हा नानांचा कायदा. सप्टेंबरच्या मध्यावर पहिला त्या खोलीत गेला सलील, घरातला थोरला, स्नेहावहिनींचा नवरा. कारखान्यातून ताप घेऊनच आला होता. त्याला ताट नेऊन द्यायचा आणि दाराबाहेर स्टूल टाकून तासभर गप्पा मारायचा आनंद, म्हणजे निरुपमाचा नवरा. दहा-बारा दिवसांत तोही आत गेला. तो बाहेर आल्यावर खोली धुवून काढायला स्नेहावहिनी गेल्या, चादरी तिथंच गच्चीवर वाळत घातल्या, आणि आठवड्याभरात त्या चादरींवर स्वतःच पडल्या.

तिघांच्याही नाकात काड्या घालून झाल्या. तिघंही निगेटिव्ह. फॅमिली डॉक्टर आजकाल पेशंटला फक्त व्हिडिओवर भेटत. त्यांनी पडद्यावरूनच जीभ पाहिली आणि म्हणाले, "निगेटिव्ह म्हणजे कोरोना नाहीच असं नाही. आहे असंच धरून चाला." हिर्लेकर धरून चालले. घर काढ्यानं भरलं आणि गरम पाण्याच्या वाफेनं भिंतीचा रंग सुटला.

एकटी निरुपमा ते धरून चालू शकली नाही. ती कॉलेजात जीवशास्त्र शिकवायची. सध्या मोबाइलवर चाळीस काळ्या चौकटींना शिकवत होती, त्यातल्या निम्म्या झोपलेल्या असाव्यात असा तिला संशय होता. कुतूहल हा या मुलीचा दुर्गुण आहे, असं तिच्या सासूबाई, कुसुमावती, शेवटपर्यंत म्हणत. या तापात खोकला नव्हता. वास गेला नव्हता. उलट आनंद वरच्या खोलीतून खाली फोन करून आमटीत हिंग जास्त झालाय अशी तक्रार करायचा. हाडं मात्र कोणी मुसळानं कुटल्यासारखी दुखायची, आणि ताप गेल्यावर तळहातांना अशी खाज सुटायची की आनंद हात दाराच्या कडीवर घासत बसायचा. हा कसला कोरोना, असं तिला वाटायचं. पण वाटून काय करणार? शहरात त्या महिन्यात दुसऱ्या कुठल्या आजाराला परवानगीच नव्हती.

त्यात आज सकाळी शेजारच्या मीनाबेन कंपाउंडच्या भिंतीवरून म्हणाल्या, "निरुपमाबेन, एक वात पूछुं? खोटुं ना लगाडशो." म्हणजे वाईट वाटून घेऊ नका.

"पूछो ने."

"आ ताव तमने मराठीओने ज केम पकडे छे?" हा ताप तुम्हा मराठी लोकांनाच का धरतो, म्हणत त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं: समोरचे प्रतापराव, कोपऱ्यावरच्या मल्हाररावांकडे सासू आणि सून दोघी, आणि तुमच्याकडे तर रांगच. गुजराती घरांत म्हणाल तर फक्त मीनाबेनचा दीर, आणि तो रोज संध्याकाळी मल्हाररावांच्या गच्चीवर पतंग उडवायला जातो. ऑक्टोबरात पतंग, हा त्याचा वेगळा आजार.

निरुपमा हसून म्हणाली होती की विषाणूला मातृभाषा नसते. पण अनारशाच्या पाठीला खसखस लावता लावता तो प्रश्न तिच्या डोक्यात भुणभुणत राहिला.

"स्नेहावहिनी कशी आहे?" देवश्रीनं बसता बसता विचारलं. विचारताना तिनं खुर्ची त्या बंद दारापासून आणखी हातभर लांब सरकवली.

"उतार आहे," सलील म्हणाला. "कालपासून ताप नाही."

"काढ्याचा गुण," नाना म्हणाले.

"वहिनींचं पोट दुखतंय," निरुपमा म्हणाली. "सकाळी चूळ भरली तर बेसिनमध्ये रक्त होतं. हातावर टाचणी टोचल्यासारखे लाल ठिपके आलेत. मी दारातून पेज दिली, तीही उलटली."

"अशक्तपणा असतो," सलील म्हणाला. "अंगदुखीची गोळी देतोय मी. दिवसातून तीनदा."

"भाऊजी, ती गोळी देऊ नका. मी कालही म्हटलं होतं. आणि एकदा रक्त तपासून घेऊ या."

"निरू," देवश्री म्हणाली, "तू डॉक्टर नाहीस गं. बेडूक कापायला शिकवतेस."

"बेडूक बंद झाले, ताई. बरीच वर्षं झाली. आता नुसतं चित्र काढतात."

आनंदनं चष्मा पुसायला घेतला. भाऊ आणि बायको यांच्यामध्ये सापडला की तो नेहमी चष्मा पुसायचा. लग्नानंतर त्याच्या काचा फार लवकर झिजल्या होत्या.

तेवढ्यात जनार्दनरावांनी पोटरीवर चापट मारली. हा माणूस कमी बोलायचा आणि सावकाश जेवायचा, त्यामुळे सासरी त्याला मान होता. त्यांनी तळहात उघडून पाहिला. "भर दुपारी डास," ते म्हणाले.

"बघू," म्हणत निरुपमा उठली, आणि दोन हातांचं अंतर मोडून जावयाच्या तळहातावर वाकली. देवश्रीच्या भुवया वर गेल्या. तळहातावर चिरडलेला बारीक काळा डास होता, आणि त्याच्या पायांवर पांढरे पट्टे होते, शाळेच्या मोज्यांवर असतात तसे.

ती सरळ उभी राहिली आणि गच्चीभर नजर फिरवली. कुंड्या पाहिल्या, कोरड्या होत्या. टाकीचं झाकण घट्ट होतं. टाकीच्या मागे मात्र निळा प्लॅस्टिकचा टब होता, वर नानांचं उपरणं पांघरलेलं. तिला तो दिसत नव्हता असं नाही. घरात सगळ्यांनाच तो रोज दिसत होता, देव्हारा दिसतो तसा, म्हणजे कोणी बघत नव्हतं.

यंदा तलावावर विसर्जनाला बंदी होती. हिर्लेकरांचा शाडूचा गणपती या टबात विसर्जित झाला, रात्रीतून विरघळला. आता ते पाणी ओतायचं कुठं? मोरीत नाही, रस्त्यावर नाही, पायदळी येता कामा नये. नानांनी ठरवलं, साथ जरा निवळली की पाणी चांदोदला नेऊन नर्मदेत सोडायचं. पण गाडीत भरलेला टब घेऊन चांदोदला जायला घरातला कोणी धजेना, आणि निवळत तर काहीच नव्हतं. टब राहिला. ऊन लागलं की पाणी कमी व्हायचं. गणपतीचं पाणी आटणं बरं नव्हे, म्हणून नाना रोज पूजा झाली की एक तांब्या ताजं पाणी त्यात घालायचे.

निरुपमानं उपरण्याचं टोक उचललं आणि सरबताचा रिकामा पेला बुडवून भरून घेतला. परत येऊन तो टेबलावर, अनारशांच्या ताटाशेजारी ठेवला.

"हे काय?" देवश्री.

"बघा ना."

पेल्यात बारीक, केसांएवढे प्राणी होते. वळवळत खाली जायचे, पुन्हा वर यायचे, आणि डोकं खाली करून पृष्ठभागाला लटकायचे.

"शी. खायच्या टेबलावर?"

"अळ्या आहेत. डासाच्या. या अशा पट्ट्यांच्या पायाच्या."

"कुठून आणल्यास?"

"गणपतीच्या पाण्यातून."

आनंद चष्मा पुसायचं विसरला.

"निरुपमा," नाना सावकाश म्हणाले, "तीस वर्षं या शहराच्या पाणीपुरवठ्यात काढली मी. पाणी मला कळतं. ते पाणी स्वच्छ आहे."

"स्वच्छ आहे म्हणूनच, नाना. हा डास गटारात अंडी घालत नाही. त्याला तुमच्यासारखंच स्वच्छ पाणी लागतं, आणि रोज जरा ताजं मिळालं तर आणखी बरं." तिनं खोलीकडे बोट केलं. "ताप आलेला प्रत्येक माणूस आपण इथं आणून ठेवला, टबापासून चार पावलांवर. डास भाऊजींना चावले, मग ताट आणणाऱ्या यांना चावले, मग चादरी वाळत घालणाऱ्या वहिनींना. कोरोना नव्हताच घरात. डेंग्यू आहे. आपण त्याची सोय केली."

"तरीच मला हिंगाचा वास येत होता," आनंद म्हणाला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो बायकोच्या बाजूनं बोलला होता, आणि बोलून तोच जरा दचकला.

"असेल डेंग्यू," सलील म्हणाला. "आम्ही दोघं बरे झालो ना? तीही होईल. ताप उतरलाय तिचा."

"यात ताप उतरल्यावरच खरा धोका असतो, भाऊजी. रक्त गोठवणाऱ्या पेशी तेव्हाच खाली येतात. हिरड्यांतून रक्त, पोटात दुखणं, उलट्या, ही त्याचीच लक्षणं. त्यात तुमची ती गोळी रक्त आणखी पातळ करते. आजच्या आज दवाखान्यात न्यायला हवं."

"कुठल्या?" सलीलचा आवाज एकदम चढला. "सांग ना, कुठल्या? ताप म्हटलं की आधी कोरोनाच्या वॉर्डात टाकतात. भेटू देत नाहीत. माझ्या कारखान्यातला माणूस पायानं चालत आत गेला होता, निरुपमा. बायकोला फोनवर कळलं. डेंग्यू घेऊन जायचं आणि कोरोना घेऊन यायचं, म्हणजे यायचं झालं तर. मी नाही नेणार तिला."

सलील खोटं बोलत नव्हता. एवढा वेळ त्याच्या हट्टाची निरुपमाला चीड येत होती. आता तिला दिसलं की तो हट्ट नव्हता, भीती होती.

"बरोबर आहे दादाचं," देवश्री म्हणाली. "घरचं माणूस घरी बरं."

"चर्चा पुरे," नाना म्हणाले. "जावई बसलेत समोर, आणि आपण अळ्या दाखवतोय. निरुपमा, दिवा लाव."

अधिक महिन्यात जावई विष्णूच्या जागी. तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे, त्यावर दिवा, आणि हिर्लेकरांची स्वतःची एक रीत: सासऱ्यानं विचारायचं, जावयानं एक काहीतरी मागायचं, आणि मागितलेलं नाकारायचं नाही. नानांना त्यांच्या सासऱ्यांनी अशीच सायकल दिली होती. जनार्दनराव मात्र आजवर दर खेपेला "तुमचा आशीर्वाद" एवढंच म्हणत आले होते. नाना ते कौतुकानं सांगत, आणि देवश्री घरी गेल्यावर त्याबद्दल नवऱ्याला काय म्हणे, ते कोणी सांगत नसे.

निरुपमानं दिवा लावला. वाऱ्यानं विझू नये म्हणून ती ताटावर ओंजळ धरून उभी राहिली, आणि मास्कच्या आडून, फक्त जावयाला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "जनार्दनराव, यंदा आशीर्वाद मागू नका."

जनार्दनरावांनी पोटरी खाजवली. तिथं एव्हाना गांधी उठली होती.

"मागा," नाना म्हणाले. "काय हवं ते मागा."

जनार्दनरावांनी मास्क नीट केला. "नाना, मला स्नेहावहिनींना घेऊन जायचंय."

"काय?" देवश्री म्हणाली.

"पादऱ्याच्या रस्त्याला माझ्या मित्राचं लहानसं हॉस्पिटल आहे. तो कोरोनाचे पेशंट घेत नाही, त्याच्याकडे ती सोयच नाही. ताप म्हटलं तर गेटवर काडी घालेल, तास-दोन तास थांबवेल, पण रक्त लगेच बघेल. मी आत्ता फोन करतो. सलीलनं बरोबर यावं, त्याला बाहेर बाकावर बसता येईल." एवढं लांब वाक्य त्यांनी या घरात याआधी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. "हेच मागतो. दुसरं काही नको."

सलीलनं वडिलांकडे पाहिलं. नाना पेल्याकडे पाहत होते. त्यात एक अळी वर आली, लटकली, आणि निवांत राहिली.

"दिलं," नाना म्हणाले.

मग कोणी चर्चा केली नाही. देवश्री सगळ्यांत आधी उठली आणि ज्या दारापासून तिनं खुर्ची सरकवली होती ते दार तिनंच उघडलं. "मी मागं बसते वहिनीबरोबर," ती आतूनच म्हणाली, "तुम्ही पुरुष गाडी चालवा."

स्नेहावहिनी नणंदेच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आल्या. चेहरा पिठासारखा झाला होता. टेबलापाशी त्या थांबल्या, आणि सगळ्यांना वाटलं की आता घेरी येणार. पण त्यांची नजर ताटावर होती.

"हसले का गं?"

"दोन-तीन हसले," निरुपमा म्हणाली.

"तूप फार तापवतेस तू." त्या जिन्याकडे वळल्या. सलीलनं खिशातली गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली, बायकोची चप्पल उचलली, आणि मागोमाग उतरला. फाटक उघडून द्यायला आनंद धावला.

गच्चीवर निरुपमा आणि नाना राहिले. नानांनी सदऱ्याच्या खिशातून पेपर वाचायचं भिंग काढलं आणि पेल्यावर धरलं. बराच वेळ ते तसेच वाकून होते. निरुपमाला वाटलं, म्हातारा दुखावला. पण ते दुखणं नव्हतं. ते बघत होते.

"श्वास कसा घेतात?"

"शेपटीतून. नळी असते. म्हणून उलटे लटकतात."

"आणि खातात काय? त्या पाण्यात आहे काय?"

"शेवाळ. बारीकसारीक जीव. तुम्ही वाहिलेल्या दूर्वा, फुलं कुजली असतील, त्यावर वाढलेलं."

"म्हणजे नैवेद्य," नाना म्हणाले. त्यांनी भिंग खाली केलं. "रोज सकाळी मी यांना पाणी घालत होतो."

निरुपमानं पेला उचलला आणि टबावरचं उपरणं बाजूला केलं.

"मातीत जिरलं तर पायदळी येत नाही," नाना म्हणाले.

"नाही येत. आणि कोरड्या मातीत हे जगतही नाहीत."

मग दोघांनी ते पाणी तांब्या तांब्यानं कुंड्यांत घातलं: कढीलिंबाला, तगरीला, सासूबाईंच्या वेळच्या मोगऱ्याला. तळाची शाडू नानांनी हातानं काढून मोगऱ्याच्या बुंध्याशी थापली आणि नमस्कार केला. कडेला अंडी चिकटलेली असतात, टब घासावा लागेल, असं निरुपमा म्हणाली तेव्हा त्यांनी काथ्या तिच्या हातून काढून घेतला. "शहराच्या टाक्या घासून घेतल्यात मी," असं म्हणत ते उकिडवे बसले, आणि उतार कुठं आहे हे न बघता टब बरोबर उताराच्या बाजूला, उन्हात पालथा घातला.

ऊन कलायला लागलं तेव्हा जनार्दनरावांचा फोन आला. निरुपमानं आवाज मोठा केला. प्लेटलेट्स फारच खाली आहेत. डेंग्यूच. दाखल करून घेतलं, सलाईन चालू आहे. ती गोळी आणखी एक दिवस दिली असती तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाला. आज आणि उद्या काळजीचे. सलील बाकावर बसलाय, देवश्री आत आहे. आणि हो, अनारसे गच्चीवरच राहिले.

नाना पालथ्या टबाकडे पाहत बसले होते. फोन ठेवल्यावर निरुपमाला सकाळपासून भुणभुणणारा प्रश्न पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी त्याच्यामागून उत्तरही आलं.

"नाना, समोरच्या प्रतापरावांनी यंदा गणपती कुठं विसर्जन केला?"

नानांनी मान वर केली.

"मीनाबेन विचारत होत्या, हा ताप मराठी घरांतच का."

विसर्जनाच्या आदल्या दिवशी मराठी मंडळींची सभा मोबाइलवर भरली होती. पाण्याचं काय करायचं, यावर बराच गोंधळ झाला. तेव्हा कोणीतरी म्हणालं, नानांना विचारा, ते पाण्यातले. आणि नानांनी आवाज सुरू करून सांगितलं होतं: पाणी घरीच ठेवावं, गच्चीवर, सावलीत. रोज थोडं ताजं घालावं, आटू देऊ नये. निवळलं की सगळ्यांसाठी चांदोदला बस करू. सगळ्यांनी हात जोडले होते. निरुपमानंही, कोपऱ्यातल्या एका चौकटीतून.

नाना उठले. उपरण्यानं हात पुसले. ते ओलं आणि शाडूनं माखलेलं आहे हे लक्षात आल्यावर पुन्हा सदऱ्याला पुसले. फोन डोळ्यांपासून लांब धरून त्यांनी नाव शोधलं.

"प्रतापराव? हिर्लेकर बोलतोय. नाही, बस नाही. ताप कसा आहे?" ते ऐकत राहिले. "आणि सूनबाईंना कधीपासून? बरं. रक्त तपासून घ्या दोघांचं, आजच. अंगदुखीची गोळी देऊ नका. कुठं न्यायचं ते मी सांगतो." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं, आभाराचं असावं. नानांनी ते मध्येच थांबवलं.

"प्रतापराव, आधी ऐका. मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. गच्चीवर जा, टबावरचं फडकं काढा, आणि काय दिसतं ते सांगा." त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. "जा सावकाश. मी फोन धरून ठेवतो."